गेममधली धूळ खरी वाटत नाहीये? आधी पार्टिकल कमी करा

धूळ टाकायची म्हटलं की सगळे आधी पार्टिकल सिस्टीम (गेममधे धूर-धुळीसारखे हजारो बारीक कण सोडणारं साधन) उघडतात आणि आकडा वाढवत सुटतात, मग लॅपटॉपचा पंखा बोंबलायला लागतो आणि स्क्रीनवर दिसतं काय तर तपकिरी कापूस. अरे धूळ दिसते ती उजेडामुळे, पहिलं ते बघा.

उन्हं कलली की ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या आसपास गायमुखकडे तोंड करून उभे राहा, रुमाल बांधून जा नाहीतर घसा बसेल. समोरून डंपर आला की त्याच्या मागचा धुरळा सोनेरी पेटतो, आणि तोच डंपर पुढे गेल्यावर वळून बघितलं, म्हणजे सूर्य पाठीला, तर धुरळा एकदम फिका मळकट. कारण हे कण उजेड जास्त करून पुढच्या दिशेलाच फेकतात. शेडरमधे, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधे, यासाठी हेन्यी-ग्रीनस्टाईन फंक्शन टाकतात, १९४१ चं आहे, मुळात अंतराळातल्या धुळीसाठी काढलेलं. त्यात उजेड किती पुढे फेकायचा हे ठरवणारा 'जी' नावाचा एकच आकडा असतो, तो ०.७ च्या आसपास ठेवून बघा. शून्य ठेवलात तर उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि धूळ मेलेली दिसते.

आता हालचाल. ग्रॅव्हिटी जवळपास बंदच करा, कारण दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला एक सेंटीमीटरसुद्धा खाली येत नाही, तो वाऱ्यावरच तरंगणार. टायरपासून निघताना वेग द्या पण ड्रॅग (हवेचा अडथळा) जबरदस्त ठेवा म्हणजे तो वेग लगेच मरतो, पुढचं काम कर्ल नॉइजचं, म्हणजे कणांना गोल फिरवत ढकलणाऱ्या नॉइजचं (नॉइज म्हणजे गणिताने काढलेले वेडेवाकडे आकडे). साध्या नॉइजने ढकललं तर कण एका जागी गोळा होतात नि दुसरीकडे भोकं पडतात, कर्लमधे तसं होत नाही, छान भोवरे येतात. आणि गाडीमागे हवा ओढली जाते हे विसरू नका, थोडी धूळ गाडीच्याच मागे पळाली पाहिजे.

धुरळ्याला मोजकेच मोठे मऊ स्प्राइट (सपाट चित्रं) पुरतात. फक्त डेप्थ फेड (दुसऱ्या वस्तूजवळ स्प्राइट हळूहळू पुसट करणारी सोय) चालू हवा, नाहीतर स्प्राइट रस्त्याला टेकतो तिथे सरळ रेघ दिसते आणि सगळी मजा जाते. हे स्प्राइट एकावर एक चढले की एकच पिक्सेल वीस-वीस वेळा रंगवला जातो, ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमसाठी हातात सगळे मिळून १६.६ मिलिसेकंद, तेव्हा धूळ अर्ध्या रिझोल्यूशनवर रेंडर करून वर चिकटवा, पिक्सेल चौथ्या हिश्श्यावर येतात.

रंग मनाने देऊ नका, जमिनीच्या टेक्स्चरमधून (तिच्यावर चढवलेल्या चित्रातून) उचला. मेट्रोच्या खांबांखाली सिमेंटची राखाडी, मुरूम टाकलेल्या प्लॉटवर तांबूस.

लांबच्या धुळीला पार्टिकल नकोतच, उंचीप्रमाणे विरळ होणारा फॉग लावा. मोबाईलसाठी बनवताय तर जवळचा धुरळा बिनधास्त अर्धा करा, फॉगला मात्र हात लावू नका, तो जवळजवळ फुकटात पडतो.