कॅम्परव्हॅनने दक्षिण इटली: ठाणे-नवी मुंबईच्या कुटुंबांसाठी

ही ट्रिप फसते ती बहुतेक एकाच कारणाने. सात मीटर लांब आणि जवळपास तीन मीटर उंच गाडी लोक प्रत्येक अवशेषाच्या दारापर्यंत न्यायला बघतात. इटलीतल्या बऱ्याच शहरांच्या जुन्या भागात झेडटीएल, म्हणजे परवानगीशिवाय प्रवेशबंदीचा पट्टा असतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड, वर भाडे-कंपनीचा आकार, काही महिन्यांनी घरी परतल्यावर समोर येतो. त्यामुळे चारच मुक्काम धरा: पॉम्पेई, पेस्तुम, आणि सिसिली बेटावर एटना ज्वालामुखीचा पायथा व ग्रीक मंदिरांचं अग्रिजेंतो. व्हॅन कॅम्पसाइटवर उभी राहू दे, पुढचं ट्रेन आणि बसने.

मे महिन्याची सुट्टी हवामानाला उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पॉम्पेईच्या दगडी रस्त्यांवर मुलं तासाभरात कंटाळतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेसाठी जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, नंतर तारखा मिळत नाहीत. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरो हवं. मुक्कामाचा पुरावा म्हणून कॅम्पसाइटची बुकिंगं जोडा. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरून ठाणे किंवा वाशी आरटीओ, जिथे तुमचं लायसन्स आहे तिथे. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. २०२२ च्या नियमबदलापासून व्हिसाची प्रत सक्तीची नाही, त्यामुळे हा अर्ज व्हिसाआधीही करता येतो. मूळ भारतीय लायसन्सही बरोबर हवंच.

व्हॅन निवडताना 'किती जण झोपतात' याआधी 'किती सीटबेल्ट आहेत' ते विचारा. सहा बर्थ आणि चारच बेल्ट अशा गाड्या सर्रास मिळतात. आजी-आजोबा येणार असतील तर घोळ इथेच होतो. १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे, आणि मागच्या सीटला आयसोफिक्स, म्हणजे ती सीट अडकवायच्या कड्या, असतीलच असं नाही. एकूण वजनमर्यादा ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी घ्या, कार चालवण्याचा आपला परवाना तेवढ्यालाच पुरतो. डिपॉझिट बहुतेक ठिकाणी चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच घेतात, डेबिट कार्ड चालत नाही. पंपावर डिझेल म्हणजे 'गासोलियो' आणि पेट्रोल म्हणजे 'बेंझिना'. 'सर्वितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो, पण लिटरमागे जास्त पडतं.

पॉम्पेईत पोर्ता मारिनाच्या दाराजवळच कॅम्पसाइट आहेत आणि स्टेशनही तिथेच. चिर्कुमवेसुवियाना या लोकल ट्रेनने एर्कोलानो (प्राचीन हर्क्युलेनियम) अर्ध्या तासाच्या आत. ती ट्रेन संध्याकाळच्या ठाणे लोकलइतकीच भरते, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या इ.स. ७९ च्या उद्रेकात पॉम्पेई चार-सहा मीटर राख-प्युमिसखाली गेलं, तर एर्कोलानो वीसेक मीटर थराखाली. तिथे उष्णतेने लाकडाचा कोळसा झाला, म्हणून दारं, तुळया, पलंग अजून दिसतात. मुलं लहान असतील आणि एकच बघायचं असेल तर एर्कोलानो बघा: छोटं आणि आवाक्यातलं. पॉम्पेईची तिकिटं नावानिशी असतात आणि दिवसाला २०,००० जणांची मर्यादा आहे. पासपोर्ट जवळ ठेवा, १८ वर्षांखालच्यांना फुकट. स्ट्रोलर नको, बाळ पाठीवर घ्या.

व्हेसुव्हियसला व्हॅन नेऊ नका. रस्ता अरुंद, वळणावर समोरून बस आली की मागे घ्यायला जागा नाही. बस सुमारे १,००० मीटरपर्यंत नेते, पुढे पायी. तिकीट फक्त ऑनलाइन आणि ठरलेल्या वेळेचं. जुन्या गाइडांत पोत्सुओलीचं सोल्फातारा, म्हणजे वाफा सोडणारं ज्वालामुखी विवर, अजून दिसतं. २०१७ च्या अपघातापासून ते बंद आहे. अमाल्फीचा किनारी रस्ताही व्हॅनसाठी विसरा.

पेस्तुमला मात्र सपाट जमीन, समुद्राकाठी कॅम्पसाइट आणि तीन ग्रीक मंदिरं. इथून व्हिला सान जोव्हान्नीपर्यंत चारेकशे किलोमीटर. सालेर्नोपासूनच्या ए२ महामार्गाला टोल नाही. पुढे वीसेक मिनिटांची फेरी की सिसिलीतलं मेस्सिना.

आता रोजचं. कॅम्पसाइटवर अनेकदा सहाच अँपिअर वीज मिळते, म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. इंडक्शन आणि किटली एकत्र लावली की फ्यूज उडालाच. स्वयंपाक गॅसवर, तीन लिटरचा कुकर पुरे. फोडणी देण्याआधी छताची खिडकी उघडा, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास गाद्यांना धरतो. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर व्हॅन सपाट उभी हवी, चाकाखाली पाचर लावा. कललेल्या फ्रिजमध्ये अमोनिया नीट फिरत नाही आणि दूध नासतं. टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, साधारण १७-२० लिटरची असते. आपण पाणी वापरतो, त्यामुळे चौघांत ती दीड दिवसात भरते. दिवा लागायची वाट न बघता रोज सकाळी रिकामी करा, तीही फक्त ठरवून दिलेल्या जागी. तूप, पनीर, पेढे युरोपात नेता येत नाहीत, कढीपत्ताही नाही. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पोहे न्या. मसूर तिथे कुठेही मिळते.

एटनाला सापिएंत्सा, म्हणजे रोपवे जिथून सुटतो ती जागा, १,९०० मीटरवर आहे आणि तिथे व्हॅन जाते. १८९२ च्या उद्रेकातली सिल्व्हेस्त्री विवरं अगदी बाजूला, मुलं सहज चढतील अशी. रोपवे २,५०० मीटरपर्यंत. त्याच्या वर कुठवर जाऊ देतात ते त्या दिवशीच्या हालचालींवर ठरतं, आदल्या रात्री चौकशी करा. मे महिन्यातही वर जाकीट लागतं. दम्याचा त्रास असलेल्याला खालीच थांबवा. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येऊ नका, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा. रात्री राख पडली असेल तर वायपर सुरू करू नका. ती काचेचेच बारीक कण असते, ओरखडे उठतात. आधी बाटलीने पाणी ओता, मग फडक्याने पुसा.

उघड्या पार्किंगमध्ये रात्र काढली तर छत्री, खुर्च्या बाहेर काढायच्या नाहीत आणि पाणी सोडायचं नाही. चाकांवर नुसती उभी असलेली व्हॅन कायद्याने पार्किंगच मानली जाते. गाडी परत देताना कॅसेट आणि सांडपाण्याची टाकी रिकामी, डिझेल भरलेलं, आणि गाडी घेतानाच काढलेले चारी बाजूंचे व छताचेही फोटो हाताशी.