१२ हजार डॉलरचा सेंटर

स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मास्टर्सला अमेरिकेत येणारी आपली पोरं मला एकच विचारतात, दादा, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसोबत ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा कशी मिळवायची. मिळते रे. दीडशे कोचना मेल टाका, चौघं उत्तर देतील, त्यातला एखादा घेईल, कारण फीमाफी आणि किरकोळ स्टायपेंडवर रात्री ११ वाजता टीमचे टॉवेल धुवायला कोणीतरी लागतंच. विचारायचंच असेल तर जागा मिळाल्यावर माणूस कुठे आपटतो ते विचारा. मी आपटलो त्याला दोन सीझन झाले, अजूनही मे महिना लागला की पोटात गोळा येतो.

मी नागपूरचा, ५ फूट ९ इंच, पॉइंट गार्ड, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये बहुतेक वेळ बाकावर. आता मिडवेस्टातल्या एका सरकारी कॉलेजात, डिव्हिजन टू, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या तीन पातळ्यांतली मधली, मुलांची टीम. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, तुमच्यापैकी कोणी ऐकलेलं नसणार. पहिलं वर्ष व्हॅन चालवणं, हुडल नावाच्या सॉफ्टवेअरवर मॅचची फिल्म कापणं, प्रॅक्टिसला रिबाऊंड, म्हणजे शॉट चुकून परत आलेला बॉल, पकडून देणं यात गेलं. दुसऱ्या वर्षी कोच म्हणाले, रोस्टरची, म्हणजे टीममधल्या नावांची आणि त्यांच्या पैशांची, एक्सेल शीट तू बघ. मला वाटलं प्रमोशन झालं. आईला फोन करून सांगितलं सुद्धा.

बेसिक तुम्हाला माहीत असणार म्हणून पटकन सांगतो. डिव्हिजन वनला मुलांच्या टीमला २०२४-२५ पर्यंत १३ स्कॉलरशिपा होत्या, ज्याला दिली तो एक अख्खा मोजायचा. हाऊस सेटलमेंटनंतर (खेळाडूंनी केलेल्या खटल्यातली तडजोड), म्हणजे २०२५-२६ पासून, जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांना रोस्टर १५ चा आणि सगळ्या १५ जणांना स्कॉलरशिप देता येते. डिव्हिजन थ्रीला खेळाच्या नावावर एक पैसा नाही. आणि मधे आम्ही. डिव्हिजन टूला मर्यादा १० ची, पण त्या १० चे तुकडे करता येतात, कोणाला अर्धी, कोणाला पाव, कोणाला नुसती पुस्तकं. त्याला इक्विव्हॅलन्सी म्हणतात. वर आमच्यासारख्या कॉलेजांना १० परवडतच नाहीत, नियम १० देतो, खिसा सहाच्या आसपास देतो.

आता इथे जरा थांबतो, कारण मी मेलो तो इथेच, आणि हे दोनदा तीनदा सांगितलं तरी मला चालेल.

तुमच्याकडे दोन पाकिटं असतात. एक पाकीट इक्विव्हॅलन्सीचं, दुसरं डॉलरचं. एक्सेलमध्ये दोन्ही एकाच ओळीत दिसतात म्हणून ती एकच वाटतात. एक नाहीत. आकडे सोपे करून सांगतो. समजा कॉलेज ज्या राज्यात आहे तिथल्याच मुलाचा वर्षाचा सगळा खर्च, फी राहणं खाणं पुस्तकं धरून, २२ हजार डॉलर. बाहेरच्या राज्यातल्या मुलाला फी जास्त, त्याचा ३४ हजार. आता दोघांनाही पूर्ण स्कॉलरशिप दिली तर इक्विव्हॅलन्सीच्या पाकिटातून दोघांचेही १.० च जातात, कारण हिशेब त्या त्या मुलाच्या पूर्ण खर्चाशी भागून करतात. पण डॉलरच्या पाकिटातून एकाचे २२ गेले आणि दुसऱ्याचे ३४. म्हणजे १.० बरोबर १.० नसतं! शाळेत कोणी असं सांगितलं असतं तर आपण हसलो असतो.

मी काय केलं, आमच्याकडे १ लाख ४० हजार ८०० डॉलर होते, त्याला २२ हजारांनी भागलं, आलं ६.४, आणि तो ६.४ आकडा शीटच्या डोक्यावर ठळक टाकून ठेवला. भागाकार २२ ने का, तर आदल्या वर्षी जवळजवळ सगळी पोरं याच राज्यातली होती. मे महिन्यापर्यंत ५.० वाटून झाले होते. उरले १.४. आणि आमच्याकडे सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच माणूस, नव्हता.

सेंटर नव्हता म्हणजे काय ते समजून घ्या. ६ फूट १० इंचाचा, धावू शकणारा, बॉल हातातून न सोडणारा माणूस जगात मुळात कमी. डिव्हिजन वनमध्ये ३६० च्या वर टीम्स, प्रत्येकीला असे तीन लागतात असं धरलं तरी हजाराच्या वर तिथेच खपले. आमच्यापर्यंत येतात ते तीन प्रकारचे, कच्चे, दुखापत झालेले, किंवा ज्यांना बास्केटबॉल आवडतच नाही पण उंच आहेत म्हणून लहानपणापासून सगळ्यांनी खेळायला लावलंय. चौथा प्रकार म्हणजे आम्ही घडवलेला. तो घडला की वर जातो. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पास असलेला पोरगा कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो, आणि २०२५-२६ पासून मोठी कॉलेजं सगळ्या खेळांच्या खेळाडूंना मिळून पैसे वाटू शकतात, पहिल्याच वर्षी मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलरची होती. आम्ही काय वाटणार, टीमची हुडी? त्याने जाऊ नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. मी असतो तर मीही गेलो असतो.

तर मे महिन्यात, रात्री दीड वाजता, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, मला एक सापडला. यादीत उंची ६ फूट १० इंच. तीन मिनिटांचा हायलाइट व्हिडिओ, त्यात अकरा डंक. मी सकाळी कोचच्या ऑफिसात जाऊन जवळजवळ ओरडलोच. कोच म्हणाले पैसे बसतात का, मी शीट दाखवली, १.४ आहेत सर, याला १.० देऊ, उरलेले ०.२ आणि ०.२ त्या दोन पोरांना. त्या दोघांतला एक ज्युनियर कॉलेजमधला (इथे म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज, आपली अकरावी-बारावी नव्हे) ६ फूट ५ इंचाचा विंग, म्हणजे कडेने खेळणारा, होता, आमच्याच राज्यातला, ज्याला आम्ही तोंडी हो म्हटलं होतं.

सेंटर बाहेरच्या राज्यातला होता.

कंप्लायन्स ऑफिसने कागद पाहिले, सही दिली, कारण त्यांचं काम १० ची मर्यादा बघणं, आणि आम्ही तर साडेसहाच्याही आत होतो. पैसे बघतं दुसरं ऑफिस. तिथून जूनमध्ये फोन आला की तुम्ही १२ हजारांनी वर आहात. मी म्हटलं शक्यच नाही. मग शीट उघडली, २२ च्या जागी ३४ टाकले आणि तो सेल लाल झालेला बघत बसलो. दिलेली स्कॉलरशिप त्या वर्षापुरती सहसा मागे घेता येत नाही, पोरगा वाईट खेळला किंवा पाय मोडला म्हणून तर नाहीच नाही, आणि तो नियम योग्यच आहे. त्यामुळे ०.२ ची दोन्ही पत्रं थांबली. त्यात ८,८०० वाचले. उरलेले ३,२०० कोचनी समर कॅम्पच्या पैशातून भरले आणि मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

विंगला फोन मलाच करायला लावला. जिमच्या मागच्या पार्किंगमध्ये व्हॅनमध्ये बसून केला, एसी बंद, घाम. तो म्हणाला, ओके कोच, थँक्स फॉर लेटिंग मी नो. एवढंच. मला कोणी कोच म्हणण्याची ती दुसरी की तिसरीच वेळ.

म्हणून सांगतो, शीटमध्ये प्रत्येक नावापुढे तीन कॉलम ठेवा, त्याचा स्वतःचा पूर्ण खर्च, आपण दिलेले डॉलर, आणि भागाकार. मर्यादेला भागाकार बघायचा, बजेटला डॉलर. एकूण बजेटला एकाच आकड्याने भागून "आपल्याकडे इतक्या स्कॉलरशिपा आहेत" असं कधीच म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर डॉलर सांगा. आणि खेळाचे पैसे शेवटी लावा. आधी बघा पोराचे मार्क चांगले आहेत का, कॉलेजची अभ्यासाची स्कॉलरशिप बसते का, घरची परिस्थिती बेताची असेल तर सरकारची पेल ग्रँट मिळते का, शेजारच्या राज्याला फीची सवलत आहे का. हे सगळं लागून राहिलेला खड्डा आपल्या पैशाने बुजवायचा. यातलं काय मोजलं जातं काय नाही ते प्रत्येक पोरामागे कंप्लायन्सला मेलवर विचारा, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या विचारू नका. ३.६ जीपीएवाला बऱ्यापैकी शूटर मला २.३ वाल्या भारी शूटरपेक्षा आवडतो तो यासाठीच. लोक याला कंजूसपणा म्हणतात, म्हणोत.

बरं, सेंटरचं काय झालं. ऑगस्टमध्ये आला, गोड पोरगा, अजून कधी कधी मेसेज करतो. आमच्या वेट रूममध्ये दाराजवळच्या भिंतीवर पेन्सिलने उंच्या लिहितात, लहानपणी आपल्या घरी दाराच्या चौकटीवर करायचे तसंच. त्याला बूट काढून उभं केलं. ६ फूट ७ आणि वर जेमतेम एक बोट. ट्रेनरने माझ्याकडे पाहिलं, मी पेन्सिलीकडे. यात नवल नाही, छापील उंची फुगवलेलीच असते, एनबीएलासुद्धा २०१९ मध्ये टीम्सना सांगावं लागलं की बूट काढून मोजलेली खरी उंची द्या. मला हे माहीत होतं. माहीत असून मे महिन्यात मला ६-१० च दिसत होतं.

पण खरा घोटाळा उंचीचा नव्हता. मॅच ४० मिनिटांची, पाच फाऊल झाले की बाहेर. आमचा सेंटर पहिल्या सहा मिनिटांत दोन फाऊल करून बाहेर यायचा, सीझनभर सरासरी १४ मिनिटं खेळला. उरलेली २६ मिनिटं आम्ही सेंटरशिवायच खेळत होतो, फक्त त्या २६ मिनिटांसाठी लागणारी पोरं आणायला पैसे ठेवले नव्हते. उंच माणूस एकच असेल तर तुमची टीम बुटकीच आहे, हे डोक्यात फिट करा आणि त्या हिशेबाने पैसे वाटा. दोन चांगले बिग, म्हणजे उंच खेळाडू, परवडतात का? नाही ना? मग पाच मध्यम उंचीची, रिबाऊंडला जाणारी पोरं आधी घ्या, आणि उरलेल्यातून एखादा उंच मिळाला तर चांगलंच.

जानेवारीत तो विंग आमच्या विरुद्ध खेळला, आमच्याच कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या कॉलेजकडून. १४ रिबाऊंड, त्यातले ६ आमच्या बास्केटखाली, आमच्या ६-१० वाल्याच्या खांद्यावरून. मॅचनंतर बॉक्स स्कोअरचा कागद छापून आला, कोचनी लाल पेनने १४ भोवती गोल केला आणि कागद माझ्या बॅगेवर ठेवून बसमध्ये चढले. तो कागद माझ्याकडे आहे.

आता जरा धीर देतो, नाहीतर घाबरून कोणी यायचंच नाही. बुटक्या टीमने जिंकता येतं. १७ मार्च २०२३, कोलंबस, ओहायो. फेअरली डिकिन्सन नावाचं कॉलेज, त्या वर्षी डिव्हिजन वनच्या ३६३ टीम्समध्ये सगळ्यात कमी उंचीची, १६ वं सीड, म्हणजे स्पर्धेतल्या गटात सगळ्यात खालचं मानांकन, त्यांनी पहिल्या सीडच्या पर्ड्यूला ६३-५८ ने हरवलं. पर्ड्यूकडे झॅक ईडी, ७ फूट ४ इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. आणि जिंकणाऱ्यांचा कोच टोबिन अँडरसन आदल्याच वर्षी डिव्हिजन टूच्या सेंट थॉमस ॲक्वायनसमधून आलेला, येताना तीन पोरं सोबत घेऊन आलेला, त्यातला डेमेट्री रॉबर्ट्स ५ फूट ८ इंच. माझ्यापेक्षा बुटका! ती मॅच मी किमान दहा वेळा कापलीय. ईडीला त्यांनी थांबवलं असं लोक म्हणतात, तसं नाही, त्याने २१ पॉइंट आणि १५ रिबाऊंड घेतलेच. एक जण त्याच्या पुढे उभा, एक मागे, बॉल टाकणाऱ्याच्या अंगावर तिसरा, आणि बाकीच्यांना म्हटलं तुम्ही मारा थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचे शॉट. पर्ड्यूने २६ मारले, ५ गेले. आता हेही लक्षात ठेवा की त्यातले अजून चार गेले असते तर आज कोणी ही गोष्ट सांगत नसतं. आणि तो कोच आठवडा उलटायच्या आत आयोना नावाच्या दुसऱ्या कॉलेजाला गेला.

बुटक्यांत काय बघायचं म्हणाल तर हाताचा पल्ला बघा, उभं राहून हात वर केल्यावर बोट कुठे पोचतं ते बघा, आणि दुसरी उडी बघा, पहिली सगळेच मारतात. हायलाइट व्हिडिओ बघूच नका, पूर्ण मॅच मागा आणि फक्त चुकलेले शॉट बघा. शॉट चुकल्यावर हा पोरगा बॉलकडे बघत उभा राहतो की पाठीने कोणाला तरी ढकलतो? आखाड्यात पैलवान कंबर खाली घेऊन पाय रोवतो तसा रोवणारा ६ फूट ४ इंचाचा जाडजूड पोरगा मला कुठल्याही सडपातळ ६-९ पेक्षा चालेल. आमच्याकडे आता असा एक आहे, शाळेत फुटबॉल खेळायचा, अमेरिकन. ०.३ वर आलाय. पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, त्याला हलवायला जेसीबी लागतो.

मेंटर वगैरे प्रकरणावर माझं मत जरा कडू आहे. ऑनलाइन जे कोच रोज सकाळी घाम, शिस्त, पहाटे पाच असं लिहितात त्यांच्याकडून मी एकही कामाची गोष्ट शिकलो नाही. शिकलो त्या पैशाच्या ऑफिसातल्या बाईंकडून, साठीच्या आहेत, बास्केटबॉल कळत नाही, मला दर शुक्रवारी शीट घेऊन बसवतात. आणि भारतात बसून "अमेरिकेत बास्केटबॉल स्कॉलरशिप गॅरंटी" म्हणत लाखांत फी मागणारे एजंट, त्यांच्यापासून लांब राहा. कॉलेजचं लेखी पत्र हातात येईपर्यंत कसलीही गॅरंटी नसते, आणि आपल्याकडून जाणारा पोरगा इथल्या हिशेबात बाहेरचा धरला जातो, म्हणजे तो ३४ चा, २२ चा नाही. एजंट हे सांगत नाही. तुम्ही पालकांना सांगा.

शेवटची एक गोष्ट, एफ-वन व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. काम मात्र ५० तासांचं असतं. हे पहिल्याच आठवड्यात कोचशी बोलून घ्या, लाजू नका, मी लाजलो होतो.

सेंटर एका वर्षाने गेला, घराजवळच्या कॉलेजात. त्याचे १७ नंबरचे बूट अजून लॉकर रूमच्या कपाटात आहेत, कोणाला होत नाहीत. यंदाच्या बोर्डावर ६ फूट ६ च्या वरचा एकच मॅग्नेट आहे, १८ वर्षांचा, कच्चा, याच राज्यातला, त्याला पहिलं वर्ष रेडशर्ट करतोय, म्हणजे मॅच नाही, नुसती प्रॅक्टिस. मी त्याला स्वतः मोजलंय, बूट काढून, दोनदा.