टेकडीवरचं घर: आधी सेक्शन, मग नकाशा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या ऑफिसात लोक प्लॉटचा कागद घेऊन येतात, तो बहुतेक वेळा वरून पाहिलेला असतो: तीस बाय पन्नास, खाली रस्ता, हॉल इथे, देवघर ईशान्येला. सपाट जमिनीसाठी ते ठीक आहे. पण प्लॉट टेकडीच्या उतारावर असेल तर मी आधी विचारते, मागची हद्द रस्त्यापेक्षा किती फूट वर आहे? ते मोजल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नाही.

मोजायला सर्व्हेयर मिळाला तर उत्तम, नाहीतर मिस्त्रीकडची पाण्याची नळी पुरते. दोघांनी दोन टोकं धरायची, दर १० फुटांवर उंचीतला फरक लिहायचा आणि आलेखाच्या कागदावर उताराची रेघ काढायची. त्या रेघेवर घर उभं कापून दाखवायचं. हाच सेक्शन.

समजा, ५० फुटांत १५ फूट चढ निघाला. ठेकेदार म्हणेल, जेसीबी लावून दोन दिवसांत सपाट करून देतो. करू देऊ नका. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. १५ फुटी भिंतीला ५ फुटी भिंतीच्या नऊपट रेटा सोसावा लागतो. त्यापेक्षा घरच तीन टप्प्यांत चढवा, दर दोन टप्प्यांमध्ये पाच फुटांचा फरक ठेवून. मागे थोडं कापायचं, तेवढंच पुढे भरायचं. मात्र भिंतीचा पाया भरावावर घ्यायचा नाही, तो मूळ जमिनीत, जमलं तर खडकापर्यंत न्यायचा. टप्प्यांमध्ये आठ-नऊ पायऱ्या येतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांची खोली, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर रस्त्याच्या पातळीवर एकत्र ठेवा.

आता पाणी. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण माझं स्वतःचं काम यात कोसळलेलं आहे. माझ्या सुरुवातीच्या एका घरामागे खंड्याची, म्हणजे ओबडधोबड दगडांची, नऊ फुटी भिंत होती. पाणी निघायची भोकं मी नकाशात दाखवली होती. भिंतीवर ओघळ दिसतात म्हणून मिस्त्रीने ती लिंपून टाकली, आणि मागे गिट्टीऐवजी खोदलेलीच माती लोटली. भराव होताना मी साइटवर नव्हते. जुलैत तीन दिवस झड लागली, भिंतीला पोट आलं आणि रात्री ती अंगणात आली. अंगणात कोणी नव्हतं, तुळशीवृंदावन तेवढं गेलं. दिवसा मुलं तिथेच खेळायची. तेव्हापासून भराव घालायच्या दिवशी मी सकाळपासून साइटवर उभी असते.

भिंतीमागे किमान फूटभर जाडीची गिट्टी हवी. गिट्टी आणि माती यांच्यामध्ये पाणी गाळणारं जिओटेक्स्टाइल कापड. तळाशी भोकांचा पाइप, एका बाजूला उतार देऊन. भिंतीत दर चार-पाच फुटांवर ३ इंची नळ्या, बाहेर झुकलेल्या. घराच्या वरच्या अंगाला दगडी चर खणून डोंगराचं पाणी घराला वळसा घालून नैसर्गिक नाल्यात सोडायचं. तो नाला प्लॉटमधून जात असेल तर कधीही बुजवू नका. पाच फुटांहून उंच भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशोबाशिवाय बांधायची नाही.

मातीची भिंत आणि खोलीची भिंत एकच करू नका. मागे तीन-चार फुटांचा उघडा बोळ सोडा. बोळ जमत नसेल तिथे दोन भिंती, मध्ये पोकळी, आणि पोकळीच्या तळातून पाण्याला वाट. या बोळाचा उन्हाळ्यात दुसरा उपयोग होतो. रात्री टेकडीवरची गार हवा उतारावरून खाली सरकते आणि बोळात साठते. तिथे खाली खिडकी ठेवा आणि तिन्ही टप्प्यांतून जाणाऱ्या जिन्याच्या माथ्यावर उघडता येणारी झडप. गरम हवा वरून जाते, गार हवा खालून आत येते. सकाळी नऊच्या आत सगळं बंद, दिवस मावळल्यावर उघडायचं. दगडाच्या जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते, म्हणून रात्री वारा खेळला नाही तर जाड भिंतीच छळतात.

सगळ्यात खालच्या टप्प्याचा मागचा भाग डोंगराच्या कुशीत असतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा दुपारची खोली तीच. आपल्या किल्ल्यावरच्या मानसिंग तोमरांच्या महालात कड्याच्या बाजूला जमिनीखाली दोन मजले आहेत. भर उन्हाळ्यात एकदा खाली उतरून पाहा, मग सेक्शन काढायला बसा.

ग्वाल्हेरला थंडीही कडक असते, त्यामुळे ऊन नुसतं अडवून चालत नाही. दक्षिणेकडचा उतार मिळाला तर भाग्य. चार फूट उंच खिडकीच्या माथ्यालगत २ फुटी छज्जा द्या. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, ८७ अंशांवर असतो. मार्चच्या अखेरीपासूनच दुपारी पूर्ण खिडकी सावलीत येते. डिसेंबरात सूर्य ४० अंशांवर उतरतो, सावली पावणेदोन फुटांवर थांबते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन आत येतं. पश्चिमेला हा छज्जा कामाचा नाही, तिकडचं ऊन आडवं येतं आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वाराही. तिथे जिना, कोठी, न्हाणीघर टाका, खिडक्या लहान ठेवा.

गच्ची पटियांची (दगडी फरश्यांची) असो की स्लॅबची, वर पालथी मडकी रचून चुन्याचा थर घाला आणि दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा. १००० चौरस फुटांवर १० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे ९०० लिटर पाणी होतं. वरच्या टप्प्याचं पाणी टाकीत घेतलं तर खालच्या स्वयंपाकघराला ते पंपाशिवाय मिळतं. टाकी मात्र भरावाच्या कडेवर ठेवू नका.

टप्प्यांच्या कडांना पहिल्या पावसात वाळा लावा, वीतभर अंतराने, सलग रांगेत. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. कूलरसाठी खस, म्हणजे वाळ्याची मुळं, लागेल तेव्हा ती बाजारातून आणा, या रांगेतली मुळं उपटू नका.