पाटी लिहावी कशी, लावावी कुठे

पुणेरी पाटी म्हणजे खवचटपणा, असा समज पुण्याबाहेर पक्का आहे, आणि आता पुण्यातल्या सोसायट्यांनीही तो मनावर घेतलेला दिसतो. फाटकावर चार ओळींचा टोमणा असतो आणि त्याच्याच खाली कुणाची तरी गाडी लावलेली असते. जी पाटी चालते ती काटेकोर असते. वाचणारा कोणती पळवाट काढेल ते आधी ओळखून ती बुजवायची, एवढंच तिचं काम. त्यात हसू आलं तर तो वरचा नफा.

पेठेतल्या वाड्यापासून बावधनच्या टॉवरपर्यंत सगळीकडे असणारं प्राजक्ताचं झाड घ्या. ‘फुले तोडू नयेत’ एवढंच लिहिलं तर सकाळी फिरायला निघालेली मंडळी फांदी हलवतात आणि ‘आम्ही कुठे तोडली, पडलेली उचलली’ म्हणतात. म्हणून पाटी अशी हवी:

‘फुले तोडू नयेत. पडलेली न्यावीत. फांदी हलवून पाडलेली फुले तोडलेली धरली जातील.’

यात अपमान कुणाचाच नाही, पण वाद घालायला जागाही उरत नाही. बेलचंही तसंच. ‘सारखी बेल वाजवू नये’ यातलं ‘सारखी’ म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यापेक्षा ‘बेल एकदाच दाबावी. दुसऱ्यांदा दाबल्याने जिना लहान होत नाही.’ इथे आकडा आहे आणि कारणही आहे. कारण दिलेली पाटी जास्त पाळली जाते.

मसुदा करताना एका पाटीत एकच मागणी ठेवावी. फाटकावरच्या पाटीला बारा शब्द ही कमाल मर्यादा, कारण दुचाकीवरचा माणूस तेवढेच वाचतो. क्रियापद ‘नये’ किंवा ‘वे’ने संपवावं. ‘लावू नका’ म्हटलं की समोरच्याला ‘सांगणारे तुम्ही कोण?’ असं विचारता येतं. ‘लावू नये’ला कर्ताच नसतो, त्यामुळे भांडायला माणूस सापडत नाही. ‘कृपया’ एकदाच, तेही सुरुवातीला. उद्गारचिन्ह एकही नको. तीन उद्गारचिन्हं पाहिली की लिहिणाऱ्याचं कुणी ऐकत नाही हे रस्त्यावरूनच कळतं.

धमकी तर लिहूच नये. ‘हवा सोडली जाईल’ लिहिलं आणि उद्या दुसऱ्याच कुणी हवा सोडली, तर पोलिसांना दाखवायला तुमचीच पाटी तयार. शिवाय फाटकाबाहेरचा रस्ता सोसायटीचा नाही. तिथे ‘नो पार्किंग’ ठरवायचा अधिकार वाहतूक पोलिसांचा; तुम्ही भिंतीवर रंगवून तो मिळत नाही. मात्र दुसऱ्याच्या फाटकाची वाट अडवून गाडी लावायला 2017 च्या वाहनचालन नियमावलीतच मनाई आहे. म्हणून रस्त्याबद्दल न बोलता फाटकाबद्दल बोलावं: ‘फाटकासमोर गाडी लावू नये. पाच मिनिटांसाठीसुद्धा.’

ही दुसरी ओळ महत्त्वाची. फाटकासमोर लावलेली प्रत्येक गाडी, मालकाच्या मते, पाचच मिनिटांसाठी असते.

अक्षरांचा हिशेब साधा आहे. दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं, वीस फुटांवरून दोन इंच. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये अक्षराच्या निम्म्याहून अधिक जागा सोडावी. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. 18 बाय 12 इंचाच्या पाटीवर दोन इंची अक्षरांच्या दोन ओळी आणि खाली एक इंची तिसरी ओळ नीट बसते. वरच्या पाटीत ‘फाटकासमोर’ पहिल्या ओळीत, ‘गाडी लावू नये’ दुसऱ्या आणि पाच मिनिटं तिसऱ्या. शब्द मधूनच तोडून पुढच्या ओळीत ढकलू नये.

रंग पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर गडद निळा. लाल अक्षरं पहिल्या दिवशी ठसठशीत दिसतात, पण उन्हात लाल रंग सगळ्यात आधी उडतो. दोन उन्हाळ्यांनंतर काळं ‘गाडी लावू’ राहतं आणि शेवटचं लाल ‘नये’ गायब, असले प्रकार त्यातूनच होतात.

उघड्यावर फाटकासाठी तीन मिलिमीटरची एसीपी शीट (दोन बाजूंना ॲल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक) घ्यावी किंवा पत्र्यावर गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात देऊन ऑइलपेंटने रंगवून घ्यावं. सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका बोर्ड, जिन्यात, लिफ्टशेजारी ठीक. उन्हात तो वाकतो. लॅमिनेट केलेला कागद लावायचाच असेल तर कागदाभोवती निदान पाच मिलिमीटर प्लास्टिक मोकळं ठेवावं आणि भोक त्या मोकळ्या कडेलाच पाडावं. भोक कागदातून गेलं की पहिल्या पावसात पाणी आत शिरतं आणि शाई पसरते.

नारायण किंवा शनिवार पेठेतल्या छपाईवाल्याकडे मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळं होऊ नये. त्याच्या संगणकावर जुना फॉन्ट असला तर पहिली वेलांटी सरकते आणि जोडाक्षरं फुटतात. पीडीएफ पाठवावी आणि छापण्याआधी प्रूफ मागून मोठ्याने वाचावं. ‘सुचना’, ‘क्रुपया’, ‘पार्कींग’ या तीन ठिकाणी थांबून बघावं: सूचना, कृपया, पार्किंग. चूक राहिली तर कुणीतरी बॉलपेनने ती दुरुस्त करून जाईल आणि त्यानंतर पाटीचा मजकूर कुणीही वाचणार नाही, सगळे दुरुस्तीच वाचतील.

हल्ली निम्म्या पाट्या डिलिव्हरीवाल्यांसाठी लागतात. यातल्या अनेकांना मराठी वाचता येतंच असं नाही, आणि हातात मोबाईल असतो. तिथे भाषेचा कस दाखवू नये. मोठा बाण, विंगचं अक्षर, फ्लॅटचे आकडे पुरेत: ‘बी विंग, 101 ते 404, मागचा जिना’. ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ ही पाटी मात्र कशीही लिहिली तरी सुधारत नाही. ती लावू नये.

पाटी जिथे ती कृती घडते तिथेच हवी. चपलांची पाटी दारावर नको, चपला जिथे काढायच्या त्या जागेच्या वर. चालणाऱ्यांसाठी जमिनीपासून पाच फूट, गाडीवाल्यांसाठी साडेतीन ते चार. फाटक उघडल्यावर पाटी भिंतीआड जात नाही ना, हे उघडून पाहावं. बहुतेक जण हेच विसरतात. झाडाला खिळा अजिबात नको. एका फाटकावर दोनपेक्षा जास्त पाट्या झाल्या की एकही वाचली जात नाही.

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप टिकत नाही, रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येते. सहा मिलिमीटरचं भोक, त्यात प्लॅस्टिकचा प्लग आणि दीड इंची स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. हे सगळं हार्डवेअरच्या बोहरी आळीत एकाच दुकानात मिळतं. साध्या लोखंडी स्क्रूचे गंजाचे ओघळ पहिल्याच पावसाळ्यात अक्षरांवर उतरतात. भोकं कडेपासून एक इंच आत पाडावीत.

खाली ‘व्यवस्थापक समिती’ आणि तारीख टाकावी. तात्पुरत्या सूचनेवर ती कधी काढायची तेही लिहावं, नाहीतर ‘उद्या पाणी येणार नाही’ हे पुढच्या दिवाळीपर्यंत रोज खरं वाटत राहतं. काढताना प्लग भिंतीतच ठेवावेत आणि नवी पाटीही 18 बाय 12 चीच करावी. त्याच भोकांत बसते.