फोटोशॉप सोडून जिम्पवर येताय? या चुका टाळा

जिम्प म्हणजे फोटोवर काम करायचं, फोटोशॉपऐवजी वापरता येणारं मोफत सॉफ्टवेअर. पहिल्यांदा ते टाकलं तेव्हा अर्ध्या तासात मी ते काढूनही टाकलं होतं. सिलेक्शन (फोटोचा निवडलेला भाग) सोडायला फोटोशॉपच्या सवयीनं कंट्रोल-डी दाबलं, तर त्याच फोटोची दुसरी प्रत उघडली. परत दाबलं, तिसरी. म्हटलं, फुकटचं सॉफ्टवेअर, असंच असणार. बऱ्याच महिन्यांनी कळलं की जिम्पमध्ये कंट्रोल-डी म्हणजे 'डुप्लिकेट', आणि सिलेक्शन सोडायला शिफ्ट-कंट्रोल-ए. बिघाड माझ्या बोटांत होता.

2013 पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्यानंच मिळू लागल्या. त्याआधी एकदा पैसे मोजले की काम भागायचं. (खरं सांगायचं तर तेही फारसं कुणी मोजले नाहीत, गल्लीतला असेंबलवाला कॉम्प्युटरसोबत 'टाकून' द्यायचा.) आता पर्याय भरपूर आहेत: जिम्प, रॉ फाइलसाठी (म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फोटोसाठी) डार्कटेबल, ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपिया, शिवाय ॲफिनिटी, जे आधी एकरकमी विकत मिळायचं आणि कॅनव्हा या डिझाइन कंपनीच्या मालकीचं झाल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये फुकट झालं. गोची होते ती पुढे, आणि बहुतेकांची त्याच त्याच ठिकाणी होते.

गूगलवर पहिली दिसली ती लिंक दाबणं

2022 मध्ये जिम्प शोधणाऱ्यांना गूगलवर वरच एक जाहिरात दिसायची. पत्ता अस्सल दिसे, पण क्लिक केलं की हुबेहूब दिसणारी नकली साइट उघडायची. तिथली फाइल पासवर्ड चोरणारी होती, आणि खरी वाटावी म्हणून फुगवून जवळजवळ 700 एमबीची केलेली. म्हणून जाहिरातीवर न जाता जिम्प डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करायचा.

'सेव्ह केलं, पण जेपीजी कुठाय?'

जिम्पमध्ये 'सेव्ह' म्हणजे फक्त त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल. जेपीजी किंवा पीएनजी हवी असेल तर 'एक्स्पोर्ट', शिफ्ट-कंट्रोल-ई. 2012 च्या 2.8 आवृत्तीपासून हे असंच आहे आणि तेव्हापासून लोक त्यावर चिडतायत. एक्स्पोर्ट झाल्यावरही बंद करताना 'बदल सेव्ह केलेले नाहीत' असं विचारतं, त्यानं घाबरू नका. ते एक्ससीएफबद्दल बोलतंय. घाबरायचंच असेल तर 'ओव्हरराइट' या पर्यायाला घाबरा. तो मूळ फोटोवरच नवा फोटो लिहितो. गिऱ्हाइकाची एकुलती एक फाइल पेनड्राइव्हवरून थेट उघडून असं केलंत तर परत आणता येत नाही. आधी कॉपी, मग काम.

ब्रश फिरतोय, पण रंग उमटत नाही

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि दर वेळी कारण वेगळं निघतं. मी या क्रमानं बघतो. आधी शिफ्ट-कंट्रोल-ए. कोपऱ्यात कुठेतरी बोटभर सिलेक्शन राहिलेलं असतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो. मग लेअरच्या (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) यादीत नजर टाकायची: भलताच लेअर निवडलेला आहे का, लेअरऐवजी त्याच्या मास्कवर (लेअरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणाऱ्या पडद्यावर) रंग चाललाय का, कुलूप आहे का. जुन्या आवृत्तीत पेस्ट केलं की वर 'फ्लोटिंग सिलेक्शन' लटकत राहायचं. ते खाली बसवल्याशिवाय किंवा त्याचा नवा लेअर केल्याशिवाय पुढचं काहीच चालायचं नाही.

एवढं करूनही नाही? मग लेअरच्या कडेनं तुटक रेघ कुठवर जाते ते पाहा. फोटोशॉपमधला लेअर काढाल तसा वाढतो. जिम्पमधला कागदाच्या तुकड्यासारखा आपल्या मापाचाच राहतो, बाहेर रंग लागत नाही. 'लेअर टू इमेज साइझ' केलं की तो चित्राएवढा होतो. मार्च 2025 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीत ब्रशच्या पर्यायांतच लेअर आपोआप वाढवायची सोय आहे, ती चालू करून ठेवा.

याचाच भाऊ म्हणजे इरेजर फिरवल्यावर पारदर्शक न होता पांढरं येणं. जेपीजीला पारदर्शकता माहीत नसते. लेअरवर राइट क्लिक करून 'ॲड अल्फा चॅनल' करा, म्हणजे त्याला पारदर्शक होता येतं. आणि सगळी टूल्स, पॅनेल एकाएकी गायब झाली तर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. चुकून टॅब दाबली गेलीय, परत दाबा.

मराठी अक्षरं फुटतात

इथे आपल्या लोकांचा खरा वेळ जातो. वर्षानुवर्षं स्टुडिओत आणि प्रेसमध्ये जुने, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेले फॉन्ट चालत आले. त्यांत 'क' दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरच असतं. असा मजकूर जिम्पमध्ये चिकटवून दुसरा फॉन्ट लावला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. हा जिम्पचा दोष नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि फॉन्टही युनिकोड वापरा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्ता, बलू असे फॉन्ट मोफत आहेत, धंद्यासाठीही. युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरं जिम्प नीट मांडतं.

ॲफिनिटीचं मात्र उलट. तिच्या पहिल्या दोन पिढ्या बाकी सगळ्यात सरस असूनही देवनागरीत नापास होत्या: ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं सुटी. कुठलंही नवं सॉफ्टवेअर आलं की मी आधी 'क्षितिज', 'विद्यार्थी' आणि 'ऱ्हस्व' टाइप करून बघतो. त्यात पास झालं तरच पत्रिकेचं काम त्यावर घेतो.

रॉ फोटो कॅमेऱ्यात छान, डार्कटेबलमध्ये मळकट

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतं ते कंपनीनं मीठमसाला घालून शिजवलेलं जेपीजी. डार्कटेबल कच्चा माल समोर ठेवतं. लोक लगेच सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) चढवतात आणि नवरीचा चेहरा नारिंगी करून ठेवतात. आधी एक्स्पोजर (एकूण उजेड) नीट करा, मग टोन (गडद-फिकट भागांचा तोल), रंगाला शेवटी हात लावा.

दुसरी चूक फोल्डर हलवण्याची. डार्कटेबल मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल त्याच्या यादीत आणि फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलीत असतात. विंडोजमधून फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर टाकले की डार्कटेबलला ते सापडत नाहीत आणि फोटोच्या जागी कवटीचं चिन्ह दिसू लागतं. हलवायचे ते डार्कटेबलच्या आतूनच, आणि 'या फाइली कसल्या' म्हणून एक्सएमपी पुसू नका. जुन्या लॅपटॉपवर सारखं बंद पडत असेल तर सेटिंगमधलं ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डकडून काम करून घेण्याची सोय) बंद करून पाहा. वेग कमी होईल, पण काम होईल.

प्रेसवाला म्हणतो, सीएमवायके द्या

सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शायांत मांडलेले रंग, आरजीबी म्हणजे पडद्यावरचे. आधी कशासाठी ते विचारा. फोटो लॅबला साधारणपणे एसआरजीबी (आरजीबीचाच नेहमीचा प्रकार) जेपीजीच लागते, तिथे सीएमवायके नकोच. ऑफसेटवर छापायच्या पत्रिकेसाठी लागतं. जिम्प अजूनही आरजीबीतच काम करतं. 3.0 मध्ये छपाईचा रंग कसा येईल ते आधी बघता येतं आणि सीएमवायकेत एक्स्पोर्टही करता येतं. पण बारीक काळी अक्षरं अशी बदलली की चार शायांची होतात आणि छपाई केसभर सरकली तरी पुसट दिसतात. फोटो जिम्पमध्ये, मजकूर स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ही विभागणी मला पटलीय.

अल्बमच्या पीएसडी

तयार डिझाइनच्या पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) जिम्पमध्ये उघडतात, पण स्मार्ट ऑब्जेक्ट (लेअरमध्ये जडवलेलं मूळ चित्र) आणि ॲडजस्टमेंट लेअर (फक्त रंग-उजेड बदलणारा थर) जसेच्या तसे येतील या भरवशावर राहू नका. त्यासाठी फोटोपिया बरं; फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो, त्यांच्या सर्व्हरवर जात नाही. अडचण वजनाची. 12 बाय 36 इंचाचं पान 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 3600 बाय 10800 पिक्सेल होतं, म्हणजे एकेक पूर्ण लेअर दीडशे एमबीच्या पुढे. वीस लेअर उघडून शेजारच्या टॅबमध्ये यूट्यूब लावलं की ब्राउझर मान टाकतो, आणि न सेव्ह केलेलं पान त्याच्यासोबत जातं. दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबा, आणि गाणी मोबाइलवर लावा.