माफ करायचंय? आधी हिशेब मांडा

माझा सगळा जन्म खातेवह्या लिहिण्यात गेला. म्हणूनच असेल, येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘ऋण’ या शब्दाशी मी अडखळले. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ सोडायचं तर आधी ते किती आहे, हे कळायला नको? ‘जाऊ दे, झालं गेलं’ म्हणणारे आकडा न बघताच पान उलटतात. पुढच्या लग्नकार्यात तेच पान पुन्हा उघडतं.

तेव्हा आधी कागद-पेन घ्या. धाकट्या भावाबद्दल मी लिहायला बसले, तर सात नोंदी निघाल्या. चार लिहिता लिहिताच गळाल्या (एक चक्क परत न केलेल्या छत्रीची होती), एक नुसती ऐकीव. उरल्या दोन : आईच्या शेवटच्या आजारपणात तो एकही रात्र थांबला नाही, आणि पुढे नातेवाइकांत सांगत सुटला की माझा डोळा आईच्या पैशावर होता. माफी द्यायची ती या दोन गोष्टींची.

आता बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय काढा. बरेच जण 21व्या वचनापासून, शिष्य पेत्राच्या ‘भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा?’ या प्रश्नापासून वाचतात. तुम्ही 15व्यापासून वाचा : आधी दोघांनीच एकांतात बोला. मी भावाला एकट्याला बोलावलं. म्हणाला, “ताई, तिला तसं बघवत नव्हतं गं.” पैशाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

समोरचा चूकच कबूल करत नसेल तर? मी त्याच अध्यायातला दृष्टांत मांडून बघितला. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, टॅलंट म्हणजे साधारण 6,000 दीनार. राजाने चाकराला 10,000 टॅलंटचं कर्ज सोडलं, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि तो बाहेर पडून 100 दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो! माझ्या दोन नोंदी त्या शंभरातल्या. शंभर दिवसांची मजुरी काही थोडी नसते, हेही खरं.

मी ती रक्कम बुडीत खात्यात टाकली. तिथे मूळ नोंद खोडत नाहीत, फक्त वसुली थांबते. माझ्यापुरती वसुली म्हणजे टोमणे आणि मावशीला फोन. त्याच्याबरोबर संयुक्त खातं मात्र मी उघडणार नाही. त्याला सूड म्हणत नाहीत. मारहाण किंवा फसवणूक चालूच असेल, तर आधी स्वतःला वाचवा, तक्रार करा.

रात्री दोन वाजता तीच नोंद पुन्हा वर येते. येशूने पेत्राला दिलेलं उत्तर, ‘सातांच्या सत्तर वेळा’, मला तिथे कळलं : नवे अपराध मोजायला नव्हे, तोच एक पुन्हा पुन्हा सोडायला.

परवा भाऊ आला होता. निघताना पाऊस लागला, म्हणून छत्री मागितली. दुसरीही गेली.