पिकअपला ऑल-टेरेन टायर घेताय? निदान या चुका तरी टाळा

"नवे टायर टाकले आणि गाडी घोंगावायला लागली." दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ही तक्रार घेऊन येतं. टायर खरोखर वाईट निघालाय असं क्वचितच दिसतं. बहुतेकदा तो निवडताना फोटोत कसा दिसेल एवढंच पाहिलेलं असतं, किंवा टाकल्यानंतर वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं.

हे लिहितोय ते ज्यांची पिकअप दहापैकी नऊ दिवस डांबरावर पळते आणि दहाव्या दिवशी कच्च्या वाटेला लागते त्यांच्यासाठी. रोज चिखल तुडवणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल; त्यांना आवाजाबद्दल कुरकुर करायचा हक्कच नाही.

रांगडा दिसतो म्हणून घेतला

टायर बनवणाऱ्या बीएफगुडरिचने १९७६ मध्ये पहिला रेडियल ऑल-टेरेन टायर आणला, थोडक्यात 'एटी', म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा. तेव्हापासून हे नाव इतकं ताणलं गेलंय की आज 'एटी' लिहिलेल्या दोन टायरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एक जवळपास हायवे टायरच, फक्त खाचा थोड्या जास्त. दुसरा चिखलासाठीच्या मड टायरचा सख्खा भाऊ. अक्षरं मात्र दोघांवर तीच. म्हणून नाव वाचून झालं की टायरचा खांदा बघा, म्हणजे नक्षीची बाहेरची कड.

आवाज तिथूनच येतो. रबराचा प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो आणि खाचेत अडकलेली हवा दाबली जाऊन बाहेर फेकली जाते. सगळे ठोकळे एकाच मापाचे असतील तर आपटण्याचा ठेका एकच राहतो आणि कानाला तो एकच सूर सतत टोचतो. म्हणून ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात. आवाज वेगवेगळ्या सुरांत पसरतो आणि विरून जातो. मी दुकानात टायर उभा धरतो आणि खांद्यावरचे ठोकळे बोटांनी मोजत जातो. दोन बोटं, अडीच, परत दोन, मग पावणेतीन, असं आलं की मला बरं वाटतं. दुकानदाराला काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, पण रोज गाडीत मला बसायचंय.

मग दोन ठोकळ्यांमधल्या फटीत बोट घालतो. तळाशी रबराचा पूल लागला तर ठोकळे कमी हलतात, कमी झिजतात. फट तळापर्यंत मोकळी आणि बाहेर सरळ उघडी असेल तर चिखल छान निघेल, पण डांबरावर भणभण ठरलेली. मधला पट्टा जितका सलग, तितकी गाडी शांत.

युरोपातल्या टायरच्या लेबलवर डेसिबलचा आकडा असतो, तो दाखवून लोक मला गप्प करायला बघतात. तो आकडा गाडीबाहेरचा आहे. ताशी ८० किलोमीटरच्या आसपास, इंजिन बंद ठेवून गाडी नुसती घरंगळत नेतात आणि मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकने मोजतात. रस्त्याकडेला उभ्या माणसाला काय ऐकू येईल ते त्यातून कळतं. केबिनमध्ये काय ऐकू येईल ते वेगळं. एकाच मापाच्या दोन टायरांची तुलना करायला ठीक आहे, पण शेवटचा शब्द म्हणून नाही.

आणि हो, खरंच डांबरच असेल तर हायवे टायर घ्या. दिसायला बरं वाटतं म्हणून एटी हवा असेल तर तेही सरळ कबूल करा, त्यात लाज कसली? फक्त मग सौम्यातला सौम्य एटी घ्या.

जाड म्हणजे चांगला

२६५/७० आर १७ हे माप घ्या: रुंदी २६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची. साधा टायर ११५ लोड इंडेक्सचा, म्हणजे १२१५ किलो पेलणारा. त्याच मापाचा एलटी (लाइट ट्रक, म्हणजे जड कामाच्या बांधणीचा) टायर 'लोड रेंज ई' या ताकदीच्या श्रेणीत १२१ इंडेक्सचा, १४५० किलोंचा. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले की दहापैकी आठ जण दुसऱ्यावर हात ठेवतात. "मजबूत आहे ना!"

मजबूत आहेच. पण ते १४५० किलो ८० पीएसआय हवेवर मिळतात. शिवाय टायर काही किलोंनी जड, बाजूची भिंत कडक, आणि तुमचा हौदा बहुतेक वेळ रिकामा. रिकाम्या हौद्याखाली असा टायर दबतच नाही. प्रत्येक भेगेचा धक्का पाठीत आणि आवाज केबिनमध्ये. ट्रेलर ओढत असाल, रोज हौदा भरत असाल, तीक्ष्ण दगडांतून जात असाल तर एलटी जरूर घ्या. नाहीतर गाडीला कंपनीने दिलेला लोड इंडेक्स दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरशी किंवा पुस्तिकेशी ताडून बघा आणि त्याच्या खाली न उतरता साध्या बांधणीचा टायर घ्या. बऱ्याच एटी टायरांत दोन्ही बांधण्या एकाच नावाने मिळतात, तेव्हा ऑर्डर देताना मापाआधी 'एलटी' आहे की नाही ते बघायला विसरू नका.

हवेचा गोंधळ इथूनच सुरू होतो. एक जण टायरच्या भिंतीवर लिहिलेली कमाल हवा भरून टाकतो आणि गाडी चेंडूसारखी उडते म्हणून टायरला शिव्या घालतो. दुसरा एलटी टायरमध्ये दारावरच्या स्टिकरची हवा भरतो. ते स्टिकर मूळ टायरसाठी लिहिलेलं असतं. तेच वजन पेलायला एलटीला जास्त हवा लागते, आणि किती ते टायर बनवणाऱ्याच्या लोड तक्त्यात मिळतं. सवय म्हणाल तर मी सकाळी गाडी हलवण्याआधी हवा बघतो. नव्या टायरवर खडूने आडवी रेघ मारतो आणि सपाट, कोरड्या रस्त्यावर थोडं सरळ चालवतो. रेघ फक्त मधून पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर कमी. मात्र तक्त्यातल्या किमान आकड्याखाली मी कधी जात नाही, खडू काहीही म्हणो.

घोंगावतंय, म्हणजे टायरच

हा माझा स्वतःचा, रोख पैसे मोजून केलेला मूर्खपणा.

टायर दीड वर्षाचे होते. ताशी ६० च्या पुढे घूं घूं सुरू झालं, ८० ला तर शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागायचा. माझं निदान तयार होतं: एटी आहेत, झिजले की ओरडणारच. चारही काढले, नवे टाकले. पहिल्या दिवशी वाटलं, फरक पडलाय. पैसे मोजलेल्या माणसाला पहिल्या दिवशी फरक पडतोच. तिसऱ्या दिवशी मोकळ्या रस्त्याला लागलो आणि तोच सूर, त्याच वेगाला.

शेवटी एका वयस्कर मेकॅनिकने गाडी जॅकवर घेतली. पुढच्या डाव्या चाकाच्या स्प्रिंगवर दोन बोटं टेकवली आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. मग माझी बोटं तिथे ठेवली. स्प्रिंगमधून बारीक खरखर हाताला लागत होती, वाळूवर दगड घासल्यासारखी. उजव्या चाकाला तसं काहीच नव्हतं. बेअरिंग गेलं होतं. खूण आधीपासून समोर होती: लांब उजव्या वळणावर आवाज चढायचा, कारण तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. मी तो ऐकत होतो आणि रस्त्याला दोष देत होतो.

ते 'ओरडणारे' टायर आता मेहुण्याच्या पिकअपवर आहेत. आवाज नाही, काही नाही. दर भेटीत तो आठवणीने आभार मानतो.

तेव्हा टायर बदलण्याआधी एवढं करा. गुळगुळीत डांबरावरून खडबडीत डांबरावर जाताना आवाज बदलतो का? बदलला तर टायरवर संशय. रस्ता कुठलाही असो, सूर तोच, पण वळणावर कमी-जास्त होतो? मग बेअरिंग. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केल्यावर आवाजाची जागा सरकली तर तो टायरच. या तपासणीला अर्धा दिवस जातो. लोकांना तेवढाही धीर नसतो, आणि मी कोणत्या तोंडाने बोलणार!

रोटेशन 'पुढच्या वेळी'

पण टायरच ओरडत असेल तेव्हा बहुतेकदा कारण हे असतं: रोटेशन, म्हणजे पुढची-मागची चाकं आपसात बदलणं, टाळलेलं. ठोकळा रस्त्यावरून सुटताना त्याची मागची कड घसटते, म्हणून तीच आधी झिजते. तळवा नक्षीवरून एका दिशेने फिरवा, गुळगुळीत लागेल. उलट फिरवा, करवतीच्या दातांसारखे कंगोरे हाताला अडकतील. पुढच्या चाकांच्या बाहेरच्या खांद्यावर हे सगळ्यात आधी कळतं. ठोकळे मोठे म्हणून एटीला हा रोग लवकर जडतो, आणि दात एकदा पडले की आवाज पुरता जात नाही. चाकांची जागा बदलल्यावर हळूहळू घासून थोडा उतरतो, इतकंच.

मी दर आठ हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करतो, त्याच वेळी अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ आहेत का ते, बघतो. दहा हजार म्हणणाऱ्यांशी भांडत नाही. "आवाज आला की करू" म्हणणाऱ्यांशी भांडतो. नक्षीवर दिशेचा बाण असेल तर टायर त्याच बाजूला पुढे-मागे करायचे, तिरके नाही.

बाकी थोडक्यात

दोनच टायर बदलून दोन जुने ठेवू नका, त्यातून गाडी फोर बाय फोर असेल तर अजिबात नाही. चारही चाकांचा घेर सारखा लागतो.

एक माप वर जाण्याआधी गणित करा. २६५/६५ आर १७ चा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर, २६५/७० चा ८०३. काटा १०० दाखवेल तेव्हा वेग त्यापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त असेल आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतोय का ते आधी बघावं लागेल.

'एम प्लस एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही खूण बनवणारा स्वतःच लावतो. बर्फात जाणार असाल तर तीन शिखरं आणि हिमकण असलेली खूण शोधा, ती चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच मिळते.

भिंतीवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. 'नवा' टायर तीन वर्षांचा निघाला तर मी परत करतो, सवलत दिली तरी.

स्टिअरिंग थरथरणं आणि घोंगावणं यात गल्लत करू नका. थरथरीसाठी आधी बॅलन्सिंग.

कच्च्या वाटेवर हवा कमी केली असेल तर डांबरावर येताच भरा. घरी पोचल्यावर भरू म्हणणाऱ्यांचे खांदे खाल्लेले टायर मी ओळखतो.

नव्या टायरचा निकाल पहिल्या दिवशी लावू नका. पहिले काही शे किलोमीटर रबराचा वरचा गुळगुळीत थर निघायला जातात, तोवर ब्रेकही जरा राखून मारा. आणि चाकं बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. बसवणाऱ्याने गन कितीही जोरात मारलेली असो.